अवधूतचा ठणठणीत गुडघा

हॉकीच्या लांब मोज्याची वरची कड आणि शॉर्ट्सची खालची कड यांच्यामध्ये माणसाचा वीतभर भाग उघडा राहतो. अवधूतच्या बाबतीत त्या वीतभर जागेत एक उजवा गुडघा होता आणि तो निर्दोष होता. वाटी बरोबर मधोमध. चेंडू मिळाला की अवधूत त्या पायावर भार द्यायचा, कंबरेतून फिरायचा आणि समोरच्याला काही कळायच्या आत भलत्याच दिशेला निघालेला असायचा. एवढ्या उलाढालीत वाटी आपली जागा तसूभरही सोडायची नाही. समईच्या ज्योतीसारखी स्थिर.

पुरुषोत्तम खांडवे हे दर रविवारी पाहायचा. गुडघे हा त्याचा व्यवसायच होता. इंग्लंडात बर्कशरमधल्या एका मोठ्या रुग्णालयात तो लोकांचे गुडघे उघडायचा, दुरुस्त करायचा आणि परत मिटायचा. "गुडघा मला रस्त्याच्या पलीकडून कळतो," असं तो म्हणायचा, आणि त्यात फुशारकी असली तरी खोटं काही नव्हतं. मेडनहेडच्या हाय स्ट्रीटवर समोरून येणाऱ्या बाईंचं 'गुड मॉर्निंग' त्याच्या कानावर पडण्याआधी त्यांचा डावा गुडघा नजरेत भरलेला असायचा.

म्हणूनच तर आमच्या मराठी मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की अवधूतचा उजवा गुडघा कामातून गेलेला आहे. खुद्द डॉ. खांडव्यांनीच तसं सांगितलं होतं.

हे कसं झालं ते सांगायचं तर ड्राफ्टपासून सुरुवात करायला हवी.

आमच्या भागातल्या मराठी मंडळाची हॉकी लीग आहे. एका शाळेचं हिरवं टर्फ रविवारी सकाळी भाड्याने मिळतं, तिथे सामने होतात. संघ चार: पन्हाळा, जंजिरा आणि आणखी दोन, ज्यांचं मुख्य काम या दोघांकडून हरणं. पूर्वी ज्याला ज्या संघात वाटेल त्या संघात तो खेळायचा. त्यातून नागपूरचे सगळे एका बाजूला आणि पुण्याचे सगळे दुसऱ्या बाजूला असं झालं, आणि त्या मोसमात लोक एकमेकांच्या घरी गणपतीच्या दर्शनालाही जाईनात. तेव्हापासून नियम आला. दर तीन वर्षांनी सगळी नावं पुन्हा एकत्र करायची, चिठ्ठ्या टाकून कप्तानांचा क्रम ठरवायचा आणि प्रत्येकाने आळीपाळीने एकेक खेळाडू उचलायचा. हाच ड्राफ्ट.

पहिल्याच ड्राफ्टला पहिली चिठ्ठी पन्हाळ्याची निघाली. पन्हाळ्याचा कप्तान पुरुषोत्तम.

ड्राफ्टच्या आदल्या दिवशी सगळ्यांची चाचणी होती. अवधूत तेव्हा पुण्याहून एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकताच आला होता. कॉलेजकडून हॉकी खेळलेला, उंच, आणि केस असे की वाऱ्याने विस्कटले तरी मुद्दाम तसे केल्यासारखे वाटावेत. पुरुषोत्तम सँडविच खात कडेला उभा होता. शेजारी त्याची बायको नीना थर्मासमधून चहा ओतत होती.

नीना औषधांच्या प्रयोगशाळेत शुद्धता तपासायची. कौतुक करण्याआधी पुरावा बघायची तिला सवय होती. लग्नापासून पुरुषोत्तमच्या वाट्याला तिच्याकडून आलेलं सर्वांत मोठं कौतुक म्हणजे "बरं केलंस", आणि तेही त्याने बॉयलरवाल्याला वेळेवर फोन केला तेव्हा.

तर ही नीना चहा ओतता ओतता थांबली आणि म्हणाली, "किती सहज वळतो ना हा."

पुरुषोत्तमचं सँडविच तोंडाशीच राहिलं. "कोण?"

"तो उंच मुलगा. बघ, परत वळला."

पुरुषोत्तमने बघितलं नाही. त्याने स्वतःच्या बुटांकडे बघितलं. तो स्वतः मैदानात वळायचा तेव्हा आधी इंडिकेटर द्यायला हवा होता असं बघणाऱ्याला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी ड्राफ्टला सगळी मंडळी जमली. पन्हाळ्याची पहिली निवड कोण, हा प्रश्न कुणालाच नव्हता. अवधूतने तर उठून उभं राहायच्या बेताने खुर्चीत थोडं पुढेही सरकून घेतलं होतं.

"विनय," पुरुषोत्तम म्हणाला.

"मी?" विनय म्हणाला. "भावोजी, नक्की?"

विनय नीनाचा धाकटा भाऊ. स्वभावाने सोनं. त्याला इंग्लंड फार मानवलं होतं. समोरच्याकडून चेंडू काढून घेण्याआधी तो "सॉरी" म्हणायचा, आणि समोरचा "नो वरीज" म्हणून चेंडू घेऊन निघून जायचा.

पुरुषोत्तम खाली बसायच्या आत जंजिऱ्याचा कप्तान क्षितिज "अवधूत" म्हणून मोकळा झाला होता. त्याला भीती होती की डॉक्टर आपलं म्हणणं मागे घेतील.

पन्हाळ्याचे कट्टर पाठीराखे दोन. शशीकाका आणि सुमनकाकू. काका जन्मभर लेस्टरला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होते. निवृत्तीनंतर लेकीजवळ मेडनहेडला राहायला आले आणि पहिल्या रविवारपासून घडीच्या दोन खुर्च्या घेऊन पन्हाळ्याच्या बाजूला बसू लागले. ड्राफ्ट संपल्यावर त्यांनी पुरुषोत्तमला दाराशीच गाठलं.

"अरे, अवधूतला सोडलास? मेव्हण्यासाठी?"

"मेव्हण्यासाठी नाही, काका."

"मग?"

मग काय सांगणार? बायको म्हणाली किती सहज वळतो, म्हणून? पुरुषोत्तमने इकडे तिकडे बघितलं. नीना चार हातांच्या अंतरावर उभी राहून ऐकत होती.

"गुडघा," तो म्हणाला.

हाच शब्द एखाद्या अकाउंटंटने उच्चारला असता तर त्याला दोन प्रश्न विचारून लोकांनी गप्प केलं असतं. पण बोलणारा गुडघ्यांचा सर्जन होता.

काकांनी डोळे बारीक केले. "उजवा?"

"...उजवा."

"मला वाटलंच होतं," काका म्हणाले. त्यांना त्या क्षणापर्यंत काहीही वाटलेलं नव्हतं.

चहाचे कप धुऊन होईपर्यंत ही बातमी मेडनहेडची हद्द ओलांडून स्लाऊपर्यंत पोचली.

इथवर काही बिघडलं नव्हतं. अवधूत वाईट खेळला असता तर पुरुषोत्तम द्रष्टा ठरला असता. पण अवधूतने जंजिऱ्याला पहिल्याच मोसमात चषक मिळवून दिला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. तीन वर्षांनी पुन्हा ड्राफ्ट आला तेव्हा पहिली चिठ्ठी जंजिऱ्याची निघाली आणि क्षितिजने श्वाससुद्धा न घेता अवधूतला परत उचललं.

पन्हाळ्याच्या बाजूच्या दोन खुर्च्यांवर तेव्हापासून एकच विषय.

"त्या वेळी अवधूतला घेतलं असतं," शशीकाका सुरू करायचे आणि मांडीवरच्या डब्यातली काकडीची सँडविचेस झाकणावर मांडायचे. "हा बघ अवधूत, इथे. हा आपला डावा हाफ. इथून चेंडू असा आला असता..."

"विनयचं नाव घेतलं तेव्हाच मी म्हटलं होतं," सुमनकाकू म्हणायच्या.

"तू काही म्हटलं नव्हतंस. तू वड्यांत मीठ पडलंय का विचारत होतीस."

"मनात म्हटलं होतं."

"मनातलं ड्राफ्टमध्ये धरत नाहीत. आणि अवधूत खाऊ नकोस, गोल व्हायचाय अजून."

एवढ्यात पलीकडून आरडाओरडा व्हायचा, म्हणजे खऱ्या अवधूतने खरा गोल केलेला असायचा, तोही पन्हाळ्यावर. काका झाकणावरच्या सँडविचकडे बघत राहायचे. "आणि हे एका गुडघ्यावर," ते म्हणायचे. "विचार कर. दोन असते तर?"

हा विचार हळूहळू सगळ्या मंडळाने केला. अवधूत चांगला खेळाडू होता तो आता वीर झाला. दुखऱ्या गुडघ्याने खेळतो आणि चेहऱ्यावर दाखवत नाही. दाखवत नाही म्हणजे किती सोसत असेल! सभागृहाच्या दारालगतची पार्किंगची जागा त्याच्यासाठी राखून ठेवायची पद्धत पडली. नाटक असलं की पहिल्या रांगेत कडेची खुर्ची त्याला, पाय लांब करता यावा म्हणून. कार्यक्रमानंतर टेबलं उचलायची वेळ आली की चार जण धावायचे, "तू नको, तू बस." ती टेबलं मग पुरुषोत्तम उचलायचा. पन्नाशी उलटलेली, कंबर धरलेली, गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावलेली. पावसात भिजत तो गाडीकडे जायचा तेव्हा दारातून अवधूतची गाडी त्याच्या अंगावर दोन थेंब उडवून निघून जायची. खिडकीतून आदराने हात हलायचा.

एका शनिवारी पुरुषोत्तम घरी आला तर जिन्यातच तुपाचा वास. स्वयंपाकघरात डिंक तळला जात होता. खारीक, खोबरं, खसखस, सगळा थाट मांडलेला. डिंकाचे लाडू त्याने शेवटचे खाल्ले ते आई नागपूरहून आली होती तेव्हा. त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा," तो म्हणाला आणि परातीकडे हात नेला.

नीनाने हात न बघताच बाजूला केला. "अवधूतला आहेत."

"अवधूतला?"

"हाडांना चांगला असतो डिंक. ऋजुता बिचारी एकटी किती करणार. नोकरी, घर आणि त्यात नवऱ्याचं हे."

"मला?"

"तुझे गुडघे ठणठणीत आहेत."

पुरुषोत्तम ओट्याला टेकून उभा राहिला. स्वतःच्या गुडघ्यांचा इतका राग त्याला कधी आला नव्हता.

लाडू गार झाल्यावर नीनाने ते भरले तो डबाही त्याने ओळखला. लग्नात आत्याने दिलेला, जाड बुडाचा, कडीचा स्टीलचा डबा. झाकणावर टोच्याने कोरलेलं: 'चि. पुरुषोत्तम यास सप्रेम'. नीनाचं नावसुद्धा नव्हतं त्यावर. त्या डब्यावर त्याचा एकट्याचा हक्क होता. तो डबा अवधूतकडे गेला आणि परत आला नाही.

पुढच्या महिन्यात अवधूत स्वतःच घरी आला. गुडघ्यावर निळा पट्टा, सोबत ऋजुता.

"डॉक्टर," तो कोचाच्या कडेवर बसत म्हणाला, "तुम्ही माझ्यापाशी कधी बोलला नाहीत, त्यामागची भावना मला कळते. पण आता मला खरं ऐकायचंय."

"दुखतं का?" पुरुषोत्तमने विचारलं.

"नाही."

"सूज?"

"नाही."

"जिना उतरताना?"

"काहीच नाही. तीच तर काळजी आहे. मी नेटवर वाचलं. दुखायचं थांबतं ती शेवटची पायरी असते म्हणे."

"मी त्याला आता जिना चढूच देत नाही," ऋजुता म्हणाली.

पुरुषोत्तमने पट्टा काढला. गुडघा हातात घेतला, वाकवला, फिरवला, दाबून बघितला. एखाद्या तबलजीला उत्तम लागलेला तबला मिळावा तसं त्याला झालं. आयुष्यभर बिघडलेलेच हाताळत आलेल्या माणसाच्या ओंजळीत आज मूळ नमुना आला होता. क्षणभर तो मत्सर वगैरे सगळं विसरला. 'ठणठणीत आहे' हे शब्द त्याच्या जिभेवर आले.

तेवढ्यात नीना ताटली घेऊन आली. ताटलीत लाडू. ती ताटली तिने नवऱ्यासमोरून नेली आणि अवधूतपुढे धरली. "आधी हा खा. घाबरू नकोस."

"वहिनी, मागचे अजून संपले नाहीत," अवधूत म्हणाला, आणि त्याने तो घेतला.

"जप," पुरुषोत्तमच्या तोंडून निघालं.

ते त्याला म्हणायचं नव्हतं. पण एकदा बोलल्यावर ते शांतपणे खोलीभर पसरलं. ऋजुताने डोळे पुसले. नीनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर मंडळातल्या कुणी विचारलं तर पुरुषोत्तम "मी पेशंटबद्दल बोलत नाही" असं म्हणू लागला. हे मात्र तो नियमाने आणि मनापासून म्हणायचा.

"म्हणजे फारच आहे," शशीकाका मान हलवत म्हणाले.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला अवधूत आणि ऋजुताने दोन मजली घर विकून बंगलो घेतला. आता आपल्याकडे बंगला म्हटलं की माणूस वर चढला असं समजतात. इथे बंगलो म्हणजे जिना नसलेलं बैठं घर, आणि त्यात राहतात ते सत्तरीपुढचे. अवधूतच्या गल्लीत तो सर्वांत तरुण होता, त्याच्या खालोखाल एक्काहत्तर वर्षांच्या एक बाई. त्या त्याचं लॉन कापून द्यायच्या. त्यांनाही कुणीतरी गुडघ्याबद्दल सांगितलं होतं.

वास्तुशांतीला पुरुषोत्तम गेला. पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरला तर फळीवर त्याचा डबा. कडी लावलेली, 'चि. पुरुषोत्तम यास सप्रेम' दर्शनी बाजूला. त्याने आजूबाजूला बघून कडी उघडली. आत तूरडाळ होती. डबा त्या घरात नांदायला लागला होता.

आणि मग या वर्षीचा ड्राफ्ट आला.

चिठ्ठ्या निघाल्या. पहिली पन्हाळ्याची.

शशीकाकांनी त्याच दिवशी फोन केला. "पुरुषोत्तम, देवाने चूक सुधारायची संधी दिलीये. या वेळी गाढवपणा केलास तर माझी खुर्ची जंजिऱ्याच्या बाजूला."

"काका, असं काय करता?"

"सुमनची पण."

मागून काकूंचा आवाज आला, "माझी मी ठरवीन." मग थोडं थांबून, "पण नेईन."

पन्हाळ्याला पाठीराखे हे दोनच. ते गेले असते तर कडेला फक्त नीना उरली असती, आणि ती कुठे बघायची हे पुरुषोत्तमला ठाऊक होतं.

अडचण अशी होती की अवधूतला घ्यायचा तर गुडघा बरा असल्याचं जाहीर करावं लागणार. आणि ते केलं की नीना विचारणार, मग तेव्हा का नाही घेतलंस? नीना कारण कळल्याशिवाय कुठलीही गोष्ट सोडत नसे. एकदा फ्रिजमधलं दही आंबट का होतं हे शोधायला तिने आठवडाभर थर्मामीटर ठेवला होता. तिच्या हातात हा प्रश्न पडला की उत्तर निघणारच, आणि ते उत्तर म्हणजे पुरुषोत्तमची पुरती शोभा.

"ठरलं का?" ती रोज जेवताना विचारायची.

"ठरतंय," तो म्हणायचा.

त्यात क्षितिजचा निरोप आला. अवधूत खेळणं सोडतोय. या ड्राफ्टला त्याचं नाव नसेल. कार्यक्रमाच्या सुरुवातीला शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार करायचा आहे आणि शाल डॉ. खांडव्यांच्याच हस्ते द्यावी अशी अवधूतची इच्छा आहे.

"किती मोठ्या मनाचा आहे," नीना म्हणाली.

पुरुषोत्तमला एकदम हलकं वाटलं. अवधूत ड्राफ्टमध्येच नाही, मग निवडायचा प्रश्नच नाही. पुन्हा विनयला घेतलं तरी कुणी काही म्हणणार नाही. गाडीतून सभागृहाकडे जाताना त्याने चक्क शीळ घातली. पण दारालगतच्या राखीव जागेत अवधूतची गाडी बघितल्यावर ती बंद पडली. माणूस छत्तिशीचा. गुडघा असा की विद्यार्थ्यांना दाखवावा. आणि आपण त्याला शाल पांघरून घरी बसवणार.

सभागृह भरलेलं होतं. मंचावर शाल, श्रीफळ आणि सुमनकाकूंनी केलेली गुच्छासारखी काहीतरी गोष्ट. क्षितिज माइकवर बोलत होता. "आयुष्यात काही खेळाडू चषक जिंकतात. काही मनं जिंकतात. अवधूतने दोन्ही जिंकलं, आणि तेही..." इथे त्याने खिशातून रुमाल काढला. "तेही एका गुडघ्यावर. मी विनंती करतो, अवधूत, सावकाश ये."

अवधूत उठला. निळा पट्टा, हातात ऋजुताचा हात. सगळे उभे राहिले. तो लंगडत मंचाकडे निघाला.

पुरुषोत्तम शाल उलगडून उभा होता. त्याची नजर सवयीने खाली गेली आणि तिथेच अडकली. अवधूत डाव्या पायावर लंगडत होता.

इतकी वर्षं त्याने सगळं सोसलं होतं. लाडू सोसले, पार्किंग सोसलं, डब्यातली डाळ सोसली. पण व्यवसायात काही मर्यादा असतात.

"उजवा," तो हळूच म्हणाला. माइक चालू होता.

अवधूत थांबला. "काय, डॉक्टर?"

"गुडघा उजवा आहे. तू लंगडतोयस डाव्यावर."

"हो. मी आलटून पालटून लंगडतो. एकाच पायावर ताण नको म्हणून. ऋजुताने सुचवलं."

पुरुषोत्तमने शालीकडे बघितलं. मग अवधूतकडे. "तुझ्या गुडघ्याबद्दल सगळ्यांसमोर बोललो तर चालेल तुला?"

"बोला, डॉक्टर. माझी तयारी झालीये."

"ठणठणीत आहे."

सभागृहातले लोक खाली बसत होते ते अर्ध्यावरच थांबले.

"कधीपासून?" ऋजुताने विचारलं.

"पहिल्यापासून."

"आम्ही बंगलो घेतला, डॉक्टर," ऋजुता म्हणाली. ती रागावली नव्हती. फक्त आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, हे तपासत होती. "शेजारच्या बाई आमचं लॉन कापतात."

"तरीच दुखत नव्हता," अवधूत स्वतःशीच म्हणाला.

"पण मग," शशीकाका दुसऱ्या रांगेतून उठले. सहा वर्षं झाकणावर मांडलेली सगळी सँडविचेस त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असावीत. "मग त्या वेळी त्याला घेतलं का नाहीस?"

हाच तो प्रश्न. पुरुषोत्तमने शाल घडी करायला घेतली. पुन्हा उलगडली. पुन्हा घडी केली.

"थांबा काका," नीना म्हणाली. ती पहिल्या रांगेत होती आणि तिच्या कपाळावर दह्याच्या वेळची आठी होती. "ड्राफ्टच्या आदल्या दिवशी चाचणी झाली. चाचणीत जो सर्वांत चांगला खेळेल त्याला घेणार, असं हा ठरवून होता. घरी तसं म्हणालाही होता. मग चाचणीच्या वेळी काय झालं? सँडविच. चहा." ती थांबली. "मी म्हणाले, किती सहज वळतो."

पुरुषोत्तम शालीचे कोपरे जुळवत राहिला. त्याचे कान, विनयने नंतर सांगितलं त्याप्रमाणे, पैठणीच्या काठासारखे दिसत होते.

"अगबाई," सुमनकाकू म्हणाल्या. त्या नीनाच्याही आधी उत्तरापर्यंत पोचल्या होत्या.

"त्यावरून?" नीनाने नवऱ्याला विचारलं. "पुरुषोत्तम, त्यावरून?"

"माझ्याबद्दल तू असं कधी," तो म्हणाला, आणि माइकवर आपलाच आवाज ऐकून थांबला.

नीनाला हसू फुटलं ते तिने दाबलं, पण पूर्ण दाबता आलं नाही. "अरे, दुसऱ्या दिवशी तुझी पहिली निवड होती. म्हणून सांगत होते. 'याला घे' हे मी आणखी कसं सांगायचं? दोन मिनिटं माझं ऐकलं असतंस तर हे सगळे चषक आपल्या घरी असते."

"आणि याने घेतलं कुणाला, तर तुझ्याच भावाला," काकू म्हणाल्या.

"सॉरी," मागून विनय म्हणाला.

कुठेतरी कुणीतरी हसलं, मग सगळेच. अवधूतही हसला. वाकून त्याने निळा पट्टा सोडला आणि श्रीफळाच्या शेजारी टेबलावर ठेवला. पाय दोनदा वाकवला, ताणला. वाटी जागची हलली नाही.

"मग माझं नाव ड्राफ्टमध्ये परत घालता येईल का?" त्याने क्षितिजला विचारलं.

क्षितिजचा चेहरा पडला, कारण उत्तर त्याला ठाऊक होतं आणि ते द्यायचं त्यालाच होतं. "नियमाने येईल," तो म्हणाला. त्याने माइक जड हाताने पुरुषोत्तमकडे दिला. "पन्हाळा. पहिली निवड."

शशीकाकांनी शेजारच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, उचलायच्या तयारीत. ऋजुता नवऱ्याच्या गुडघ्याकडे, बऱ्याच दिवसांनी ओळख पटल्यासारखी बघत होती. नीना पुढे झुकली.

"ठरलं का?" तिने विचारलं.

पुरुषोत्तमने शाल खाली ठेवली आणि माइक तोंडाशी धरला.

"अवधूत," तो म्हणाला. "डब्यासकट."